त्यांच्या वाटणीचं पाणी

बस, कोडी. रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करू नकोस, थोबाड भाजून घेशील. गार होऊ दे जरा. इंजिनाच्या सांध्यातलं ते हेड गॅस्केट गेलं असेल तर ते तेवढ्यात परत यायचं नाही, आणि गेलं नसेल तर पळूनही जायचं नाही. ब्रुक, तूही बस. किटलीत कॉफी आहे. जळकी आहे, पण गरम आहे.

तोवर रॉडनी रुओनाचं सांगतो. तुम्ही गावात ऐकलं असेल ते वेगळं. गावात म्हणतात, रॉडनीनं सख्ख्या आईला गाडीच्या मागच्या सीटवर गारठवून मारलं. म्हणणाऱ्यांचं काय जातं. ती गाडी माझ्या याच गॅरेजात आली होती, इंजिनाचं हेड मी उतरवलं होतं, आणि रॉडनीनं एकदाच, इथे याच स्टुलावर बसून, मला सगळं सांगितलं. त्यानंतर तो त्या विषयावर कुणाशी एक शब्द बोललेला नाही.

तीन वर्षांपूर्वीची चोवीस डिसेंबर. शनिवार. जेवण करून रॉडनी आईला आणायला निघाला. काम म्हणाल तर एवढंच. इल्मीबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. दोन वर्षं शहरातल्या वृद्धाश्रमात होत्या. तिथे त्यांना खुर्चीत बसवून फवाऱ्याखाली आंघोळ घालायचे आणि त्या घालणाऱ्यांना शिव्या द्यायच्या. त्यांचं मागणं एकच होतं. नाताळची सॉना, ते लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान, घरी घ्यायची. आपल्या परसात, आपल्या दगडांची वाफ, आणि बसायचं ते वरच्या फळीवर. खालच्या पायरीवर पोरंटोरं बसतात, वर बसतो तो माणूस, असं त्या म्हणायच्या. एकदा तेवढं झालं की मी मरायला मोकळी, हेही म्हणायच्या.

तिथल्या नर्सबाईंनी एका रात्रीची परवानगी दिली, पण रॉडनीला बाजूला घेऊन बजावलं. फुप्फुसं नाजूक झालीत, थंडी लागता कामा नये. गाडीत शेवटपर्यंत ऊब हवी. रॉडनी म्हणाला, हीटर ठणठणीत आहे.

हीटर ठणठणीत होता, ते खरं. गाडीचं बाकी काही ठणठणीत नव्हतं. जुनी डिझेल स्टेशन वॅगन, ब्रुकपेक्षा वयानं मोठी. ऑक्टोबरापासून पाणी पीत होती. खाली थेंब पडत नव्हता आणि रेडिएटर मात्र दर दोन दिवसांनी रिकामा. सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला गोडसर वास. मी सांगितलं, हेड उतरव. तो म्हणाला, वसंतात बघू, आत्ता कोण एवढा पसारा मांडतो. मग काय, नेहमीची जुगाडं. झाकण अर्ध्या आट्यावर सैल ठेवायचं, म्हणजे आत दाब चढत नाही. डबाभर पाणी बरोबर बाळगायचं. रॉडनी आळशी नव्हता रे, हट्टी होता. आळशी माणूस निदान घरी बसतो.

त्या दिवशी शून्याखाली वीस होतं. रॉडनीनं आपण सगळेच करतो ते केलं. इंजिन गारठू नये म्हणून रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावला. पूर्ण. एका बाजूनं चार बोटं जागा ठेवायची असते, तीही ठेवली नाही. आईला ऊब हवी ना. आईच्या काळजीनंच त्यानं घात केला, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका.

जाताना गाडी नीट गेली. डब्यातलं पाणी शहरात पोचल्यावर रेडिएटरमध्ये ओतून संपलं, आणि डबा परत भरून घ्यायचं राहून गेलं, कारण इल्मीबाई दारातच तयार होऊन बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मांडीवर वेलदोड्याच्या पावाचा पुडा. उशीर केलास म्हणून त्यांनी आल्या आल्या पोराला झापलं. त्यानं त्यांना मागच्या सीटवर पाय पसरून बसवलं, अंगावर दोन घोंगड्या घातल्या आणि निघाला.

आपल्याकडे डिसेंबरात पाचला काळोख. सरोवराच्या कडेचा रस्ता, डावीकडे बर्फ, उजवीकडे झाडी. नाताळची संध्याकाळ, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. चर्चला जाणारे चर्चला, बाकीचे घरात. मोठ्या चढाला गाडी लागली आणि हीटर गार फेकायला लागला. कोडी, हे लक्षात ठेव. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ पाणी संपलं. काटा लालमध्ये गेला तेव्हा कुठे रॉडनीला पुठ्ठा आठवला.

त्यानं चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. पुठ्ठा ओढून काढला, पण आता काढून काय उपयोग. फोनला त्या पट्ट्यात रेंज नसते. गाडीतली ऊब मिनिटामिनिटाला उतरत होती. आई मागून म्हणाली, पाय गार पडले रे. घर अजून तीस मैल.

आणि झाडीपलीकडे, कुठल्याशा दिव्याच्या उजेडात, त्याला धूर दिसला.

एक घर होतं. घरात अंधार, अंगणात गाडी बाहेर गेल्याच्या खुणा. माणसं चर्चला गेलेली. धूर घराचा नव्हता, परसातल्या सॉनाचा होता. रॉडनीनं घराचं दार वाजवलं, दोनदा हाका मारल्या, मग डबा घेऊन परसात गेला.

ब्रुक, तू पुलापलीकडची, खालच्या मुलखातली, तुला ठाऊक नसणार. नाताळच्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची सॉना उजेड असतानाच उरकतात. मग फळ्या पुसायच्या. चुलीत दोन लाकडं जास्त घालायची. बादली कोमट पाण्यानं भरायची, पळी आडवी ठेवायची, अंगावर मारून घ्यायची बर्चच्या झाडाची डहाळी भिजत घालायची, दिवा लावायचा आणि दार ओढून घ्यायचं. नंतर तिकडे फिरकायचं नाही. त्या घरातले जे गेलेले असतात ना, त्यांची पाळी असते ती. वर्षातून एकदाच. माझी आजी आम्हाला त्या संध्याकाळी परसाच्या बाजूची खिडकीसुद्धा उघडू द्यायची नाही.

रॉडनी याच गावात वाढला. दार उघडल्या उघडल्या त्याला समजलं की आपण कुठे आलोय. दिवा जळत होता. फळ्या कोरड्या. बादली काठोकाठ. त्यानं मला सांगितलं की तो उंबऱ्यावर थांबला, आणि मग बादलीच उचलली. डब्यात ओततसुद्धा बसला नाही.

गाडीशी आला तेव्हा आईनं काच खाली केली होती. पाणी वाफाळत होतं आणि बर्चचा वास सुटला होता. म्हातारीचं नाक शाबूत होतं.

"कुठून आणलंस?"

"तिकडून."

"घरात कोणी आहे?"

"नाही."

"रॉडनी, ते पाणी परत ठेवून ये."

तो रेडिएटरमध्ये ओतत होता. घाईत पाणी अर्धं बाहेर सांडत होतं. आई पुन्हा म्हणाली, परत ठेव, ते लोक यायचेत अजून, त्यांनी काय करायचं. आणि रॉडनी चिडला. थंडीनं चिडला, गाडीवर चिडला, आणि राग निघाला तिसरीकडेच. बादली उपडी करून तो म्हणाला,

"मेलेल्यांना कसली आलीय थंडी? मेलेत ते. गारच आहेत."

तो हसलाही म्हणे. इल्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी काच आणखी थोडी खाली केली आणि त्या बाहेरच्या काळोखाला म्हणाल्या, "माफ करा हो. पोरगं तोंडाळ आहे. लहानपणापासून तसंच आहे." अगदी शेजाऱ्यांना म्हणावं तसं.

मग काच वर केली.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. ते ऐकूनच मी त्याला थांबवलं होतं. म्हटलं, रॉडनी, शक्य नाही. गॅस्केट जळालेलं, हेड वाकलेलं, ते इंजिन पहिल्या किल्लीला? तो म्हणाला, एलमर, नव्या गाडीसारखी चालू झाली. काटा खाली आला. पांढरा धूर बंद. आणि हीटरमधून ऊब यायला लागली.

ऊब म्हणजे कशी... कोरडी नव्हे. ओली. बर्चच्या वासाची.

पहिले काही मैल त्याला वाटलं, जिंकलो. आईला ऐकवलंही, बघ, तुझे मेलेले किती उपयोगी पडले.  आई म्हणाली, "जरा सरका हो."

तो म्हणाला, काय म्हणालीस?

"तुला नाही म्हटलं."

त्यानं आरशात पाहिलं. आरशावर वाफ होती. पुसला. पुन्हा वाफ. पुढच्या काचा स्वच्छ होत्या, वाफ फक्त मागे. दाट. आई दिसत नव्हती.

त्याला घाम फुटायला लागला होता. त्यानं टोपी काढली, हातमोजे काढले. हीटर कमी केला. कमी होईना. जाळीतून चर्रर्र असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. तापल्या दगडावर पळीभर पाणी टाकलं की येतो ना... तो.

"रॉडनी, मला थंडी वाजतेय."

त्याला वाटलं, म्हातारपण. एवढ्या भट्टीत थंडी? तो तसं म्हणालाही. म्हणाला, आई, मी इथे वितळतोय, उगाच काहीतरी बोलू नकोस.

"मला खाली बसवलंय," आई म्हणाली. "दाराशी. वर जागा देत नाहीत."

तो म्हणाला, कोण?



आता तुम्ही म्हणाल, थांबायचं होतं. उतरायचं, मागचं दार उघडायचं, आईला पुढे घ्यायचं. मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, एलमर, थांबलो आणि बंद पडली असती तर? घर पंधरा मैलांवर होतं. त्याच्या बायकोनं, डार्लीननं, सॉना तापवून ठेवली होती, चुलीवर तांदळाची खीर होती. पंधरा मैल गाडी चालली की आई वरच्या फळीवर. थांबलो की काळोखात, शून्याखाली वीसमध्ये, बंद गाडीत. त्यानं हिशेब केला. तुम्हीही हाच केला असता. मीही.

त्यानं पाय दाबला.

"तुझा कोट दे ना रे."

आईचा आवाज बारीक झाला होता. त्यानं एका हातानं कोट काढला, चालवता चालवताच, आणि मागे न बघता सीटवरून मागे धरला. मागून कुणीतरी तो घेतला. ओढून नाही. हलकेच. घेणाऱ्याचा हात त्याच्या बोटांना लागला. गरम होता.

त्याला बरं वाटलं. म्हटलं, आईचा हात गरम आहे.

थोडा वेळ गेला.

"मिळाला ना कोट?"

त्यानं आवाज चढवला.

"आई... कोट मिळाला?"

"मला नाही दिला," आई म्हणाली.

चर्रर्र.

त्यानं मला सांगितलं की तेव्हा त्यानं पुढे बघायचं ठरवलं. फक्त पुढे. मागे बऱ्याच जणांचं बसणं-उठणं चाललं होतं. फळ्या करकरतात तसं काहीतरी. गाडीत कुठल्या आल्या फळ्या... कोणी खोकलं, बाप्या माणसासारखं. कोणी सुखाचा श्वास सोडला, वाफ पाठीला लागल्यावर सोडतात तसा. आणि या सगळ्यात आईचे दात. कडकड, कडकड. त्याच्या मानेवरून घामाच्या धारा आणि कानाशी आईचे दात.

"माफी माग त्यांची," आई म्हणाली. "माग रे... मोठ्यानं."

आणि रॉडनी रुओनानं माफी मागितली नाही. तोंड उघडलं, शब्द फुटेना. हट्टानं की भीतीनं, ते त्यालाही सांगता येत नाही.

घराचं वळण आलं. दिवे दिसले.

आई शेवटचं म्हणाली, "त्यांनाही थंडी वाजते रे. आपल्यासारखीच."

मग दातांचा आवाज थांबला...

डार्लीन अंगणात उभी होती. ती सांगते, गाडी आली ती आवाज न करता आली. डिझेल गाडी, इतकी वर्षं वळणावरून घरात ऐकू यायची, ती घसरगाडीसारखी आली आणि थांबली. रॉडनी उतरला तो शर्टावर. लालबुंद, केसांतून पाणी गळतंय, अंगातून वाफा. आत्ता सॉनातून बाहेर पडला असावा असा. त्यानं मागचं दार उघडलं नाही. डार्लीननंच उघडलं.

मागे वाफ नव्हती. आतून काचांवर बोटभर बर्फ होता. दोन्ही घोंगड्या आणि रॉडनीचा कोट नीट घड्या घालून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवले होते, सॉनाला येणारे बाहेरच्या खोलीत कपडे ठेवतात तसे. इल्मीबाई अलीकडे, दाराला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन. लाकूड झाल्या होत्या. पावाचा पुडा तसाच मांडीवर.

डॉक्टर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला थंडी लवकर भिनते, पुढे ऊब असली तरी मागे पोचत नाही, मागचा हीटर बंद असणार. डॉक्टरशी माझं भांडण नाही. पोलीसवाल्यानंही तेच लिहिलं. गावानं लिहिलं नाही, पण म्हटलं, घामाघूम होऊन पुढे बसला आणि आईला मागे गारठू दिलं, घोंगडीसुद्धा काढून घेतली. दुकानात रॉडनी आला की बायका बोलायच्या थांबतात. मी बघितलंय. माणसं फार क्रूर असतात, आणि त्यांना वाटतं आपण फक्त गप्प बसलो.

मी नाताळ उलटल्यावर गाडी ओढून आणली. हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट असं जळालं होतं की त्यातून बोट जावं. दुसरा सिलिंडर बर्फानं भरलेला. त्या इंजिनावर गाडी अंगणातल्या अंगणात फिरवता आली नसती, आणि ती तीस मैल आली होती. पण ते सोडा. इंजिनं माणसांसारखीच, कधी कधी न होणारं करतात. हेड आणि ब्लॉक मी भंगारात दिले, बादली रॉडनी स्वतः परत देऊन आला. त्या घरातल्या बाईनं ती घेतली, धुतली आणि दार लावून घेतलं.

मी सांगतोय ते पुढचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या रात्री रुओनांच्या सॉनात कोणीच गेलं नाही. कोण जाणार. चूल आपोआप विझली. पुढच्या शनिवारी, दफन झाल्यावर, डार्लीननं पुन्हा तापवली, अंगातला गारठा काढायला. दगड लाल झाले, भिंती तापल्या, आणि खालच्या पायरीवर, अगदी दाराशी, बर्फ होता. ताटाएवढा. म्हातारं माणूस अंग चोरून बसलं तर जेवढी जागा व्यापेल तेवढा. तिला वाटलं, दाराच्या फटीतून वारा लागला असेल. तिनं उकळतं पाणी टाकलं. पाणी त्यावर गोठलं.

रॉडनीनं ती फळी उखडली, सीडरची नवी बसवली. त्याच जागी बर्फ. दाराला आतून कातडं ठोकलं. बर्फ. आता तो काही करत नाही. दर शनिवारी तापवतो, इतकी की तिथे श्वास घेता येत नाही, आणि त्या बर्फाशेजारी खाली बसून राहतो. कातडी सोलवटते त्याची, पण उठत नाही. मोठ्यानं माफी मागतो. नावं माहीत नाहीत त्याला त्या लोकांची, तशीच मागतो. डार्लीनला घरात ऐकू येते.

गेल्या शनिवारी त्यानं मला बोलावलं. म्हणाला, एलमर, माझी नजर आता धड नाही, तू बघून सांग, बर्फ वर सरकलाय का? निदान एक फळी?

मी आत गेलो. वरच्या फळीला हात लावला, चटका बसला. मधलीला लावला. मग वाकून खाली दाराशी लावला, आणि बोटं बर्फाला चिकटली.

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, हो, थोडासा सरकल्यासारखा वाटतो. तो लगेच आणखी लाकडं आणायला गेला.